बायकांची ४×१०० मीटर रिले: सुरुवातीची तीसेक वर्षं

पायवाट

ऑलिंपिकच्या ट्रॅकवर बायका पहिल्यांदा उतरल्या त्या १९२८ साली, ॲमस्टरडॅमला. तेही पाचच प्रकारांत: १०० मीटर, ८०० मीटर, ४×१०० रिले, उंच उडी आणि थाळीफेक. यातल्या रिलेबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. वाचता वाचता एक गोष्ट सारखी समोर येत गेली. या शर्यतीने काही जणींना हातची गेलेली संधी परत दिली आणि काही जणींसाठी तिचं दार उघडलंच नाही. धावणाऱ्या चारच, आणि त्या चार कोण हे संघाचे अधिकारी ठरवणार.

सुरुवात मर्टल कुकपासून करते. ३१ जुलै १९२८, १०० मीटरची अंतिम शर्यत. रेषेवर सहा जणी, त्यातल्या तिघी कॅनडाच्या. कुक त्यांच्यातली सगळ्यात वेगवान. महिन्याभरापूर्वीच हॅलिफॅक्सच्या निवड चाचणीत तिने १२.० सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. बंदूक वाजायच्या आत ती सुटली. सगळ्यांना परत बोलावलं. ती पुन्हा आधीच सुटली आणि बाद झाली. जर्मनीची लेनी श्मिटही याच कारणाने बाहेर गेली. उरल्या चौघी. अमेरिकेची १६ वर्षांची बेटी रॉबिन्सन १२.२ सेकंदांत जिंकली. कॅनडाची फॅनी रोझेनफेल्ड दुसरी आणि एथेल स्मिथ तिसरी. रॉबिन्सन आणि रोझेनफेल्डमध्ये अंतर इतकं कमी होतं की कॅनडाने तक्रार केली, पण निकाल बदलला नाही. कुक मैदानाच्या कडेला बसून रडत होती, असं त्या दिवसाच्या वर्णनांत येतं.

५ ऑगस्टला रिलेची अंतिम शर्यत. कॅनडाचा क्रम: रोझेनफेल्ड, स्मिथ, जेन बेल आणि शेवटी मर्टल कुक. अमेरिकेच्या शेवटच्या टप्प्यावर कोण? १०० मीटरची नवी विजेती बेटी रॉबिन्सन. कुकने बॅटन (एकीने दुसरीच्या हाती द्यायची ती छोटी नळी) घेतली आणि रॉबिन्सनला पुढे येऊच दिलं नाही. कॅनडा ४८.४ सेकंद, विश्वविक्रम. अमेरिका ४८.८. जर्मनी तिसरी.

पाच दिवसांपूर्वी जिला धावूच दिलं नाही, तिनेच त्या विजेत्या मुलीला मागे ठेवून पदक नेलं. वैयक्तिक शर्यतीत हे होऊ शकत नाही. तिथे बाद म्हणजे चार वर्षांनी भेटू.

या मुली काही सुखवस्तू घरच्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. रोझेनफेल्डचं कुटुंब रशियन साम्राज्यातून, आजच्या युक्रेनमधून, कॅनडात आलेलं ज्यू कुटुंब. ती टोरांटोत चॉकलेटच्या कारखान्यात काम करायची. स्मिथ कपड्यांच्या धंद्यात होती. कुक पुढे माँट्रियलमध्ये वर्तमानपत्रात क्रीडा पत्रकार झाली आणि कित्येक वर्षं बायकांच्या खेळांवर लिहीत राहिली. संघ टोरांटोला परतला तेव्हा स्टेशनावर मुंगीला शिरायला जागा नव्हती.

लॉस एंजेलिस आणि बर्लिनचं पुढच्या प्रतिसादात लिहिते. एका बैठकीत होत नाहीये.

चहाबाज

मस्त धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक बाळबोध शंका. रिले म्हणजे चार सगळ्यात वेगवान बायका शोधायच्या आणि धावायला सोडायच्या, एवढंच ना? मग प्रत्येक ऑलिंपिकला इतकं रामायण का घडतं?

सीनकाठ

पायवाटताई, १९२८ च्या आधीचं थोडं टाकते. मुक्काम पॅरिसला असल्यामुळे हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

ॲमस्टरडॅमचं दार आपसूक उघडलं नव्हतं. त्यामागे ॲलिस मिलिया ही बाई होती. मूळची नाँतची, स्वतः वल्हवणारी. ऑलिंपिकवाल्यांकडे तिने बायकांच्या ॲथलेटिक्सची मागणी केली, त्यांनी धुडकावली. आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबेर्तँ महाशयांचं मत तर जगजाहीर आहे: बायकांचं काम विजेत्यांच्या गळ्यात हार घालण्याचं. मग ऑक्टोबर १९२१ मध्ये बाईंनी स्वतःचा आंतरराष्ट्रीय महासंघच काढला, आणि २० ऑगस्ट १९२२ ला पॅरिसमध्ये बायकांचं ऑलिंपिक भरवलं. हो, नाव थेट ऑलिंपिकच ठेवलं. एका दिवसात ११ प्रकार, पाच देश, ७७ खेळाडू आणि सुमारे वीस हजार प्रेक्षक.

जागा होती व्हँसेनच्या जंगलातलं पर्शिंग स्टेडियम. पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिकांनी ते बांधलं होतं. तिथे रिले झाली ती ४×११० यार्डांची. ब्रिटनच्या मेरी लाइन्स, नोरा कॅलबाउट, डेझी लीच आणि ग्वेंडोलिन पोर्टर यांनी ५१.८ सेकंदांत जिंकली. मेरी लाइन्सने त्याच दिवशी ३०० मीटर आणि लांब उडीही जिंकली. एका दिवसात!

'ऑलिंपिक' या नावावरून ऑलिंपिक समितीचं पित्त खवळलं. शेवटी तडजोड झाली. मिलियाबाईंनी नाव सोडलं, पुढच्या स्पर्धा 'महिला जागतिक खेळ' म्हणून झाल्या (गोटेबोर्ग १९२६, प्राग १९३०, लंडन १९३४), आणि बदल्यात ऑलिंपिकमध्ये बायकांना जागा मिळाली. दहा प्रकारांची बोली होती, हातात पडले पाच. याचा राग म्हणून ब्रिटनच्या बायका १९२८ ला गेल्याच नाहीत. १९२२ ची रिले जिंकणारा देश ऑलिंपिकच्या पहिल्या रिलेत नव्हता, हे कॅनडाचं कौतुक करताना विसरू नये.

बाईंचा पुतळा पॅरिसमध्ये फ्रेंच ऑलिंपिक समितीच्या इमारतीत बसवला, तो २०२१ साली. शंभर वर्षं लागली.

स्टॉपवॉच

@चहाबाज, शंका बाळबोध नाही. मी शाळा-कॉलेजात तिसरा टप्पा धावायचो आणि आता मुलांना शिकवतो, म्हणून जरा सविस्तर.

आकडे बघा. कॅनडाची वेळ ४८.४. भागिले चार, १२.१. पण कुकची एकटीची वेळ, थांबल्या जागेवरून सुरुवात करून, १२.० होती! रिलेत पहिली सोडली तर बाकी तिघी आधीच पळत असताना बॅटन घेतात, म्हणजे त्यांचा सुरुवातीचा वेळ वाचायला हवा. तो कुठे गेला? बॅटन देण्याघेण्यात. बाकी तिघी कुकपेक्षा थोड्या हळू होत्या हे धरलं तरी बराच वेळ तिथेच सांडलाय.

आता २०१२ लंडन. अमेरिकेचा विश्वविक्रम ४०.८२, अजून मोडलेला नाही. मॅडिसन, फेलिक्स, नाइट आणि जीटर यांच्या वैयक्तिक वेळांची बेरीज केली तर रिलेची वेळ तिच्यापेक्षा अडीच सेकंदांच्या आसपास कमी भरते. एवढा सगळा फायदा पळत्या सुरुवातीचा आणि चोख बॅटनचा.

जुन्या काळात तो फायदा का मिळत नसे? एक तर बॅटन २० मीटरच्या पट्ट्यातच द्यायची, आणि घेणारीनेही त्याच पट्ट्याच्या आत उभं राहून सुटायचं. म्हणजे ती पुरता वेग घेईपर्यंत पट्टा संपतच आलेला. पट्ट्याआधी वेग घ्यायला १० मीटर जादा मिळाले ते साठच्या दशकात. आता तर ते दोन्ही एकत्र करून ३० मीटरचा एकच पट्टा आहे. शिवाय ट्रॅक कोळशाच्या राखेचा. पाऊस पडला की चिखल. स्टार्टिंग ब्लॉक ऑलिंपिकमध्ये आले १९४८ ला. त्याआधी प्रत्येक धावपटू छोटं खुरपं घेऊन यायची आणि रेषेमागे पायापुरते दोन खड्डे खणायची.

मी मुलांना पहिल्या दिवशी धावायलाच लावत नाही. जागेवर उभं राहून हात मागे, तळवा स्थिर, वळून बघायचं नाही. मागून हाक आली की हात. वळून बघितलं की अर्धा मीटर गेला. पहिलीच्या उजव्या हातात बॅटन, दुसरीने डाव्या हातात घ्यायची, तिसरीने उजव्या, चौथीने डाव्या. एकदा घेतली की हात बदलायचा नाही. वळणावर धावणारीच्या उजव्या हातात बॅटन असली की तिला आतल्या कडेला चिकटून पळता येतं. सर्वात वेगवान मुलगी शेवटीच हवी असंही नाही. वळण चांगलं घेणारी तिसरीला, आणि गर्दीत डोकं थंड ठेवणारी चौथीला. आमच्याकडे पालक मात्र शेवटच्या टप्प्यावरून भांडतात, कारण फोटो तिचा येतो.

चहाबाज

हात बदलायचा नाही हे आज कळलं. इतकी वर्षं टीव्हीवर बघतोय, लक्षच गेलं नव्हतं. धन्यवाद.

पायवाट

स्टॉपवॉच, सीनकाठ, दोघांचेही आभार. आता लॉस एंजेलिस.

१९३२ ची रिले अमेरिकेने जिंकली. मेरी कॅर्यू, एव्हलिन फर्च, ॲनेट रॉजर्स आणि विल्हेल्मिना फॉन ब्रेमेन. ४६.९ सेकंद. कॅनडा ४७.०. चार वर्षांत दीड सेकंदाची सुधारणा, आणि सोनं नि रुपं यांच्यात फक्त एक दशांश. पदकांचा तक्ता इथे संपतो. मला सांगायचंय ते त्या तक्त्यात नाही.

निवड चाचणीतून अमेरिकेच्या संघात दोन कृष्णवर्णीय मुली आल्या होत्या. शिकागोची टिडी पिकेट आणि मॅसॅच्युसेट्सच्या माल्डन गावची लुईस स्टोक्स. ऑलिंपिकच्या अमेरिकन संघात आलेल्या या पहिल्या दोन कृष्णवर्णीय मुली. संघ आगगाडीने पश्चिमेकडे निघाला. वाटेत डेन्व्हरला मुक्काम होता. बाकीच्या मुली हॉटेलच्या मेजवानीत, आणि या दोघींना वर वेगळी खोली आणि जेवणही तिथेच. लॉस एंजेलिसला पोचल्यावर रिलेच्या चौघी जाहीर झाल्या त्यात या दोघी नव्हत्या. चौघीही गोऱ्या. पिकेट आणि स्टोक्स यांनी स्वतःच्या देशातलं ऑलिंपिक प्रेक्षकांत बसून पाहिलं.

१९३६ ला दोघी परत संघात. स्टोक्सला बर्लिनला जाता यावं म्हणून माल्डनच्या लोकांनी पैसे जमवले. पिकेट ८० मीटर अडथळ्यांत धावली. ऑलिंपिकमध्ये प्रत्यक्ष धावलेली ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन बाई. उपांत्य फेरीत अडथळ्याला पाय लागून हाड मोडलं आणि तिची शर्यत तिथेच थांबली. स्टोक्सला मात्र बर्लिनलाही बाकावरच बसवलं.

याच बर्लिनमध्ये पुरुषांच्या रिलेतून मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर या दोन ज्यू धावपटूंना आयत्या वेळी काढलं, ते आज बऱ्याच जणांना माहीत असतं. जेसी ओवेन्सच्या कथेत ते येतंच. स्टोक्सचं नाव कुठल्या कथेत येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

आणि त्याच संघात, त्याच रिलेत, बेटी रॉबिन्सन होती! १९३१ साली चुलतभावाबरोबर ती छोट्या विमानात होती, ते शिकागोजवळ कोसळलं. ज्याने तिला उचललं त्याला ती मेली असंच वाटलं आणि गाडीच्या डिकीत घालून थेट अंत्यसंस्कारवाल्याकडे नेलं, अशी कथा सांगतात. पाय मोडला, महिनोन्‌महिने चाकाच्या खुर्चीत. १९३२ हुकलं. पुन्हा धावायला लागली तेव्हा गुडघा पुरता वाकेना, म्हणजे खाली वाकून सुरुवात करता येईना. १०० मीटर कायमची बंद. उरली फक्त रिले, आणि तीसुद्धा पहिला टप्पा सोडून. बर्लिनला ती तिसऱ्या टप्प्यावर धावली. हॅरियेट ब्लँड, ॲनेट रॉजर्स, बेटी रॉबिन्सन, हेलन स्टीफन्स. ४६.९, सुवर्ण.

धाग्याच्या सुरुवातीला म्हटलं ते हेच. एकाच बाकावर दोघी, एक धावली, एक नाही.

नागपुरी_संत्रं

लेख छान आहे पण थोडं पाणी ओततो.

बर्लिनचं सुवर्ण अमेरिकेने जिंकलं असं लिहिणं म्हणजे अर्धंच सांगणं. ते जर्मनीने गमावलं. आदल्या दिवशी प्राथमिक फेरीत जर्मन मुलींनी ४६.४ चा विश्वविक्रम केला होता. अंतिम शर्यतीत एमी आल्बुस, केटे क्राउस, मारी डोलिंगर अशा तिघी धावून झाल्यावर जर्मनी आठ-दहा मीटर पुढे होती असं वर्णनांत येतं. शेवटच्या बदलीत (बॅटन देताघेताना) इल्झे डोर्फेल्टच्या हातून बॅटन पडली. स्वतःच्या राजधानीत, हिटलर समोर बसलेला. संपलं. अमेरिकेला आयतं ताट वाढलेलं मिळालं राव.

पायवाट

हे पुढच्या प्रतिसादात येणारच होतं, तुम्ही घाई केलीत. :) पण 'आयतं' पटत नाही. शेवटच्या टप्प्यावर हेलन स्टीफन्स होती. तिने त्याच आठवड्यात १०० मीटर ११.५ मध्ये जिंकली होती. ती अंतर भरून काढत होती.

स्टॉपवॉच

हिशेबच करू या. शेवटच्या टप्प्यात पुरत्या वेगात या बायका सेकंदाला साधारण ९ मीटर जात असणार. आठ मीटर म्हणजे ०.९ सेकंद. स्टीफन्सने १०० मीटरमध्ये जर्मनीच्या क्राउसला ०.४ ने मागे टाकलं होतं (क्राउस तिसरी, ११.९). क्राउस जर्मनीची सगळ्यात वेगवान. डोर्फेल्ट तिच्याहून बरीच हळू होती असं धरलं तरी ०.९ भरून काढणं मला कठीण दिसतं. आणि दुसरी बाजू: अमेरिकेची विजयी वेळ ४६.९, जर्मनीची आदल्या दिवशीची ४६.४. अर्धा सेकंद, म्हणजे साडेचार मीटर.

शिवाय १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत जर्मनीच्या तिघी होत्या, अमेरिकेच्या दोघी. माझ्या हिशेबाने बॅटन पडली नसती तर जर्मनी.

गंमत अशी की जर्मनीचं खरं बळ बॅटनच होतं. ४६.४ भागिले चार म्हणजे ११.६. त्यांची सगळ्यात वेगवान मुलगी ११.९ ची. म्हणजे प्रत्येक टप्प्यामागे किमान ०.३ सेकंद कमावत होत्या. कॅनडाचं १९२८ चं वर दिलेलं गणित आठवा. आठ वर्षांत बॅटनचं तंत्र कुठून कुठे गेलं! घासून घासून सराव केलेला संघ होता तो. अशाच संघाची बॅटन पडते. वेग जितका जास्त आणि घेणारी जितकी लवकर सुटणार, तितकं चुकीला अंतर कमी. सावध संघ सहसा पाडत नाहीत, पण जिंकतही नाहीत.

नागपुरी_संत्रं

घ्या. मास्तर आमच्या बाजूने. :)

पायवाट

हिशेब कबूल, निष्कर्ष नाही. बॅटन शेवटच्या रेषेपर्यंत पोचवणं हीच शर्यत आहे. ती न पोचवता "आम्ही वेगवान होतो" याला काय अर्थ? १०० मीटरच्या फायनलमध्ये कुक सर्वात वेगवान होतीच की.

कांदेनवमी

वाद चालू द्या, मला त्या मारी डोलिंगरबद्दल सांगायचंय. बाई १९२८ ला ८०० मीटर धावली होती, मग १९३२ आणि १९३६ ला वेगाच्या शर्यतीत. १०० मीटरमध्ये बर्लिनला चौथी. रिलेत तिने दिलेली बॅटन पुढे डोर्फेल्टच्या हातून पडली. तिचा नवरा फ्रिट्झ हेंड्रिक्स १९३२ च्या पुरुषांच्या ४×१०० मध्ये रौप्यपदक विजेता. आणि त्यांची मुलगी ब्रुनहिल्डे हेंड्रिक्स हिने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४×१०० मध्येच रौप्य मिळवलं. नवऱ्याला पदक, मुलीला पदक, आणि तिघांतली बहुधा सगळ्यात गुणी धावपटू कोरडी.

रविवारच्या जेवणाला त्या घरात बॅटन हा विषय निघत असेल का, देव जाणे.

बांकुडा_मार्गे_पुणे

बर्लिनच्या त्या शर्यतीत एक भारतीय धागाही आहे, कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. रौप्य ब्रिटनला मिळालं, ४७.६. त्यांच्या चौघींत ऑड्री ब्राउन होती. तिचा जन्म बंगालमधल्या बांकुड्याचा. तिचा भाऊ गॉडफ्री ब्राउन, त्याचाही जन्म बांकुड्याचाच, त्याने त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ४×४०० मध्ये सुवर्ण मिळवलं. एकाच ऑलिंपिकमध्ये बहीणभाऊ दोघेही रिलेच्या पदकावर. माझं आजोळ त्या भागातलं. तिथे हे कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

दादर_टीटी

भारताचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडच्या मुलींचं नको का? सगळे ॲमस्टरडॅम-बर्लिनमध्येच अडकलेत.

मार्च १९५१, दिल्ली, पहिले आशियाई खेळ. बायकांच्या ४×१०० मध्ये जपानला सुवर्ण, भारताला रौप्य. त्या संघात मुंबईची रोशन मिस्त्री आणि वांद्र्याची मेरी डिसोझा. रोशनने १०० मीटरमध्ये रौप्य आणि मेरीने २०० मीटरमध्ये कांस्यही घेतलं.

पुढच्या वर्षी हेलसिंकी. स्वतंत्र भारताकडून ऑलिंपिकला पहिल्यांदाच मुली गेल्या, त्या चौघी. ट्रॅकवर मेरी डिसोझा आणि कलकत्त्याची नीलिमा घोष, पोहण्यात डॉली नाझीर आणि आरती साहा. मेरी १०० आणि २०० मीटर धावली. जाण्याच्या पैशांची सोय व्हावी म्हणून तिच्या ओळखीपाळखीच्या मंडळींनी मुंबईत कार्यक्रम करून निधी उभा केला होता. वर स्टोक्ससाठी माल्डनने पैसे जमवल्याचं वाचलं आणि तेच आठवलं.

मग १९५४, मनिला, दुसरे आशियाई खेळ. बायकांची ४×१००. मेरी डिसोझा, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टीन ब्राउन. ४९.५ सेकंद, स्पर्धेचा विक्रम, सुवर्ण. भारताच्या बायकांना आशियाई खेळांत मिळालेलं ॲथलेटिक्सचं पहिलं सुवर्ण हेच, आणि ते रिलेत.

स्टेफी मूळची गोव्याकडची, वाढली-खेळली पुण्याला, मग मध्य रेल्वे. १९५८ ला टोकियोच्या आशियाई खेळांत २०० मीटरचं रौप्य, १९६३ चा अर्जुन पुरस्कार, १९६४ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर. शिवाय हॉकीत भारताकडून. मेरीही हॉकीत भारताकडून खेळली, १९५३ ला इंग्लंडला गेलेल्या संघात होती. तिला ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ ला! मनिलानंतर जवळपास साठ वर्षांनी. पुरस्कार देणाऱ्यांच्या घड्याळात काहीतरी बिघाड आहे.

रेल्वेचा उल्लेख मुद्दाम केला. त्या काळी मुंबई-पुण्याच्या ख्रिस्ती आणि पारशी घरांतल्या मुली मैदानात दिसायच्या, कारण शाळेपासून खेळ होता आणि घरून अडवणूक कमी होती. रेल्वेने नोकरी दिली म्हणून शाळा सुटल्यावरही धावणं चालू राहिलं. बाकीच्या घरांतल्या मुलींचं धावणं न्हाणं आलं की थांबायचं. माझ्या आईचं थांबलं. ती चौथीत असताना शाळेच्या शर्यतीत पहिली आली होती, त्याचं पितळी भांडं आमच्याकडे अजून आहे.

चहाबाज

४९.५ म्हणजे १९२८ च्या कॅनडापेक्षाही हळू ना? ४८.४ होतं ना ते? आणि १९५४ म्हणजे सव्वीस वर्षांनी.

दादर_टीटी

हो, हळूच. मग? त्या कॅनडाच्या मुलींना निदान निवड चाचण्या, क्लब, मार्गदर्शक होते. आपल्याकडे बायकांचं ॲथलेटिक्स त्या वेळी जेमतेम सुरू होत होतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने आणि दोराबजी टाटांच्या पाठबळाने १९२० ला अँटवर्पला धावपटू गेले, ते सगळे पुरुष. त्यानंतर बत्तीस वर्षांनी पहिली बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर. तुलना करायचीच तर आशियातल्या बाकी देशांशी करा.

स्टॉपवॉच

+१. आणि वेळ कमी-जास्त असली तरी चौघींना एकत्र सराव करायला किती मिळालं हे बघावं लागतं. वेगवेगळ्या गावच्या मुली शिबिरात जेमतेम भेटणार. अशा संघाने बॅटन न पाडता जिंकणं हे कामच आहे. पडली तर काय होतं याचं ताजं उदाहरण त्यांच्यासमोर होतं: १९५२, हेलसिंकी. ऑस्ट्रेलियाने प्राथमिक फेरीत ४६.१ चा विश्वविक्रम केला. अंतिम शर्यतीत शेवटच्या बदलीनंतर मार्जोरी जॅक्सनचा हात विन्सम क्रिप्सच्या गुडघ्याला लागला आणि बॅटन उडाली. जॅक्सनने १०० आणि २०० दोन्ही जिंकलेले. तिने बॅटन उचलून तशीच धाव घेतली, पाचवी. बर्लिनची पुनरावृत्तीच. फेरीत विश्वविक्रम, फायनलमध्ये बॅटन जमिनीवर.

पायवाट

आणि ती शर्यत जिंकली कोणी? अमेरिकेने, ४५.९. मे फॅग्ज, बार्बरा जोन्स, जॅनेट मोरो, कॅथरीन हार्डी. यातल्या मोरो सोडून तिघी कृष्णवर्णीय. बार्बरा जोन्स १५ वर्षांची होती. लॉस एंजेलिसला पिकेट आणि स्टोक्स यांना प्रेक्षकांत बसवल्याला वीस वर्षं झाली होती.

जर्मनीचीही वेळ ४५.९, रौप्य. नागपुरीसाहेब, यावर तुमचं काय म्हणणं?

नागपुरी_संत्रं

यावर म्हणणं एवढंच की जर्मनीला एक दिवस कोणीतरी फोटो फिनिश कॅमेऱ्याचा दोष देऊ द्या. :)

बाकी १९४८ कोणीच घेतलं नाही. फॅनी ब्लँकर्स-कूनला वगळून हा धागा म्हणजे हरदासाची कथा मूळ पदावर येण्याआधीच संपवणं. तीस वर्षांची, दोन मुलांची आई, लंडनला चार सुवर्णं, त्यातलं चौथं रिलेचं. अंतिम शर्यतीच्या दिवशी बाई रेनकोट घ्यायला बाजारात गेली होती आणि अगदी शेवटच्या क्षणी मैदानावर पोचली. बॅटन मिळाली तेव्हा नेदरलँड्स मागे होतं. तिने एकेकीला गाठत ४७.५ मध्ये जिंकून दिलं. ऑस्ट्रेलिया ४७.६. पायवाटताई, तुमच्या 'अधिकारी ठरवणार' या सिद्धांतात हे कुठे बसतं? इथे एकटीनेच ओढून नेलं.

पायवाट

एकटीने नाही. झेनिया स्टाड-डे योंग, जानेट विट्झिएर्स-टिमर आणि खेर्डा व्हान डर काडे-कुडेइस यांनी तिला पकडता येईल इतक्या अंतरावर ठेवलं, म्हणून. नावं लांबलचक आहेत म्हणून कोणी घेत नाही, एवढंच.

कांदेनवमी

ॲमस्टरडॅमच्या ८०० मीटरचंही लिहा ना. जपानची हितोमी किनुए, जर्मनीची लीना राडके, आणि बायका कोसळल्या म्हणून झालेला तो गाजावाजा.

पायवाट

त्यावर वेगळा धागा काढते, इथे मिसळायला नको. नऊ जणी धावल्या, नऊच्या नऊ पोचल्या, पहिल्या तिघी विश्वविक्रमाच्या आत, आणि तरी वर्तमानपत्रांच्या आरडाओरड्यावरून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली. रोझेनफेल्ड तिथेही होती, पाचवी आली. तिला ८०० मध्ये उतरवलं ते मुख्यतः कॅनडाच्याच जीन थॉम्पसनला साथ द्यायला, आणि शेवटी थॉम्पसन चौथी. दिवाळीच्या सुट्टीत बसते लिहायला.

स्टॉपवॉच, तोवर एक सांगा. पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या क्रीडा दिनाला बायकांची रिले ठेवलीय, वय पस्तीसच्या पुढे. चौघींतली एक फार वेगात पळते पण हमखास वळून बघते. तिला कुठल्या टप्प्यावर ठेवू?

स्टॉपवॉच

पहिल्या. तिला कोणाकडून घ्यायचंच नाही.